बर्फाच्या कारखान्यातला उन्हाळा

एप्रिल अर्धा सरला की क्रांती चौकाकडून येणाऱ्या रस्त्यावर दुपारी एक ओली रेघ दिसायला लागते. रसवंतीवाल्यांना आणि लग्नाच्या मंडपांना बर्फाच्या लाद्या पोचवणारा टेम्पो नुकताच गेलेला असतो. गोणपाटाखालून ठिबकलेलं पाणी डांबरावर त्याची वाट उमटवून जातं. दोन मिनिटांत ती रेघ वाळते. इथलं ऊन ओल फार वेळ ठेवून घेत नाही. पण तेवढ्या वेळात मला स्कूटी कडेला घ्यावी लागते, कारण माझे घोटे गार पडतात. खरंच पडतात. डोक्यावर ऊन रणरणतंय, रुमालाआड तोंड भाजतंय आणि घोटे मात्र गार.

मी फिगर स्केटिंगच्या स्पर्धा खेळले. पायात पोलादी पात्यांचे बूट, खाली बर्फ, मागं संगीत. दोन-तीन मिनिटांत उड्या मारायच्या, गिरक्या घ्यायच्या आणि पलीकडं बसलेले परीक्षक एकेका हालचालीला गुण देणार. हे मी आठ वर्षं केलं. ह्या शहरात राहून केलं, जिथं बर्फ म्हणजे उसाच्या रसात पडतो तो. हे ऐकलं की समोरचा माणूस आधी हसतो. मग ओशाळतो आणि म्हणतो, "अरेरे, इथं सोय नव्हती ना. सोय असती तर कुठल्या कुठं गेला असता तुम्ही."

त्या 'अरेरे'ची मला चीड आहे. मागच्या महिन्यात एका शाळेत पाहुणी म्हणून गेले होते. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी माझी ओळख 'परिस्थितीमुळे उमलू न शकलेली कळी' अशी करून दिली. मी उठले, माईक हातात घेतला आणि म्हणाले, "बाई, मी चांगली उमलले, झडलेसुद्धा. कळी कुणाला म्हणता?" पोरं खो खो हसली. बाई रागावल्या. त्यांनी चहालाही थांबवलं नाही. पण घरी येताना मला त्या एका उन्हाळ्याची इतकी आठवण आली की म्हटलं, हे एकदा सांगूनच टाकावं.

आमचं घर मेंढपाळांचं. फुलंब्रीच्या पुढं एका वस्तीवर थोरला चुलता, नाना, अजून मेंढरं राखतो. दादा, म्हणजे माझे वडील, लग्नानंतर शहरात आले आणि बर्फाच्या कारखान्यात कामाला लागले. लोखंडी आकड्यानं लाद्या ओढायच्या आणि टेम्पोत चढवायच्या. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्याच बापाचे हात असे गार असतात. ताप आला की माय पट्ट्या ठेवायची नाही. दादा कामावरून आले की त्यांचा तळहात माझ्या कपाळावर ठेवायची.

शाळेमागं सिमेंटचं एक गोल मैदान होतं. तिथं शोभामॅडम चाकांचं स्केटिंग शिकवायच्या. शर्यतीचं नाही, नाचासारखं, गिरक्यांचं. मी सहावीत असताना तिथं गेले ती कडेच्या लिंबाखाली सावलीला बसायला. मॅडमनी विचारलं, "नुसतं बघतेस का उभी राहतेस?" त्यांच्या बोलण्यात एक खोच असायची. मी उभी राहिले. पडले. पुन्हा उभी राहिले. बारावीपर्यंत चाकांवर मी राज्यात नाव काढलं होतं, गुडघ्यांची सालं निघून निघून तिथली कातडी राठ झाली होती, आणि शरीर हवेत फिरतं तेव्हा डोकं कुठं ठेवायचं हे मला झोपेतही कळत होतं.

त्या वर्षी बारावीची परीक्षा संपली आणि मॅडम म्हणाल्या, "बर्फावरची राष्ट्रीय निवड आहे. उत्तरेत, डोंगरातल्या एका शहरात. जूनच्या शेवटी. जातेस का?"

"मॅडम, मी बर्फावर कधी उभी नाय राहिले."

"मीही नाही," त्या म्हणाल्या. "मला बर्फ कळत नाही, अश्विनी. मला तू कळतेस. बाकीचं बघून बघून शिकू."

त्यांची एक जुनी विद्यार्थिनी परदेशात होती. तिनं आपले वापरलेले बूट पाठवले. एक नंबर मोठे, पांढरा रंग पिवळट झालेला, पण पातं शाबूत. मी ते बोटानं चाचपलं. आतली धार, बाहेरची धार, मधून खोबण, आणि पुढच्या टोकाला करवतीसारखे दाते. ते बूट मी घरात उंबऱ्याजवळ ठेवले. दुपारी जेवताना म्हटलं, "बूट आले. आता बर्फ कुठून आणायचा?"

दादा भाकरी मोडता मोडता थांबले. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी घरात पीठ आहे का असं विचारलं होतं.

"बर्फाला काय तोटा हाय?" ते म्हणाले.

कारखान्यात मिठाच्या पाण्याचा मोठा हौद होता. त्यात पत्र्याचे उंच डबे बुडवून ठेवायचे, डब्यांत लाद्या धरायच्या, म्हणजे गोठवायच्या. मागच्या बाजूला लाद्या साठवायची एक खोली होती, जाड भिंतींची, लाकडी दाराची, आतून मशीनच्या गार नळ्या फिरवलेली. ऐन उन्हाळ्यात सकाळी सकाळीच सगळा माल निघून जायचा आणि दुपारी ती खोली रिकामी पडायची. दहा फूट रुंद, बारा फूट लांब. दादांनी आणि अन्वरचाचांनी ती झाडून घेतली. अन्वरचाचा मशीन सांभाळायचे. पांढरी दाढी, कानाला मफलर, आणि अमोनियाच्या वासानं कायम पाणावलेले डोळे. त्यांनी फरशीवर पाण्याचा पातळ थर सोडला आणि मला दारातच अडवलं.

"अब्बी नई बेटी. जमने दे. जल्दी किए तो दूध होता, काच नई होता."

मला कळेना. मग दादांनी समजावलं. घाईनं धरलेला बर्फ दुधाळ होतो, त्यात हवा राहते, तो ठिसूळ. सावकाश धरलेला काचेसारखा, त्यातून पलीकडचं दिसतं. चाचांनी तीन दिवस थरावर थर दिले. चौथ्या दिवशी दुपारी मी दोन स्वेटर, माकडटोपी आणि दोन-दोन मोजे घालून आत गेले. बाहेर मे महिना. कारखान्यासमोरच्या रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं.

पहिलं पाऊल टाकलं आणि खाली कुणीच नव्हतं. चाकांखाली जमीन असते, ती तुम्हाला धरते, थोडं भांडते. बर्फ भांडत नाही. तो तुम्हाला सोडून देतो. मी बसकण मारली ती थेट भिंतीपर्यंत गेले. दुसऱ्यांदा उभी राहिले, कोपरावर पडले. मॅडम दारात गोणपाटावर बसल्या होत्या, मांडीवर वही, अंगावर दादांची घोंगडी. त्या वहीत बघत म्हणाल्या, "गुडघे वाकव. चाकांवरची ऐट इथं चालायची नाही."

"गिरी तो बरफ कू कुछ नई होता," बाहेरून चाचांचा आवाज आला, "तेरेकू होता. संभाल के."

पंधरा-सोळा दुपारी मिळाल्या असतील सगळ्या मिळून. त्या दुपारी मला आता एकेक करून आठवत नाहीत, पण त्यांचा वास आठवतो. अमोनिया, ओलं गोणपाट, लाकडाचा भुसा. श्वासाची वाफ. पातं बर्फावर वळताना येणारा आवाज, कडक भाकरी मोडल्यासारखा. आणि पाचव्या की सहाव्या दुपारी, दोन्ही पायांवरची गिरकी घेताना पात्याचा एक नेमका बिंदू सापडला. भिंती विरघळल्या, दारातल्या मॅडम एक रंगीत रेघ झाल्या. थांबले तेव्हा त्या पुन्हा मॅडम झाल्या. त्यांनी वही मिटली आणि नाक पुसलं. थंडीनं असेल.

बाहेर आलं की ऊन थोबाडीत मारायचं. भुवयांवरचं दव क्षणात घाम व्हायचं. माझा चेहरा त्या महिना-सव्वा महिन्यात असा झाला की गाल उन्हानं सोललेले आणि ओठ थंडीनं फुटलेले. शेजारच्या काकू विचारायच्या, "ही पोरगी कुठल्या ऋतूत राहती?"

सोपं काहीच नव्हतं, आणि घरात तर मुळीच नव्हतं. त्या वर्षी नळाला पाणी कधी सहाव्या दिवशी यायचं, कधी आठव्या. माय हंडे घेऊन टँकरमागं पळायची. दादांनी फरशीवर पाणी ओतलं हे तिला कळलं आणि तिनं ताट बाजूला सारलं.

"लोकाला प्यायला थेंब नाय अन तुमी पाणी सांडून त्याच्यावर नाचायले? लाज नाय वाटत?"

मला वाटली. खोटं कशाला बोलू? त्या दिवशी मी बूट घातले नाहीत. तिचं चूक नव्हतं. दुसऱ्या दिवशी दादा तिला कारखान्यात घेऊन गेले. डब्यातून लादी सुटावी म्हणून डबे एका टाकीतल्या पाण्यात बुडवायचे, आणि ते खारट झालेलं पाणी रोज संध्याकाळी गटारीत सोडायचं. आमची खोली त्याच पाण्याची होती. मायनं टाकीत बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं, थुंकली. मग खोलीच्या दारातून आत डोकावली. मी तिला गिरकी घेऊन दाखवली. तिला वाटलं मी पडतेय, तिनं "अगं!" म्हणून दोन्ही हात पुढं केले. घरी आल्यावर म्हणाली, "गुडघ्याला काय तरी बांधत जा."

मग एका दुपारी मालक आले. एरवी ते सकाळी येऊन जायचे. त्यांनी खोलीचं दार उघडलं तेव्हा मी एका पायावर, दुसरा पाय मागं ताणून, भिंतीपासून वीतभर अंतरावर घसरत चालले होते. ते कितीतरी वेळ बघत राहिले. चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होतं. मग त्यांनी दादांना बोलावलं.

"उद्या ही इथं पडली, डोकं फुटलं, तर जबाबदारी कुणाची?"

दादा त्यांच्यासमोर कधी मान वर करून बोलत नसत. त्या दिवशी मान खालीच होती, पण आवाज खाली नव्हता. "माझी. पोरगी माझी हाय, जबाबदारी बी माझी."

"तसं नसतं," मालक म्हणाले. "उद्यापासून बंद."

आता तुम्हाला वाटेल की मालकांचं मन वळलं. नाही वळलं. अन्वरचाचांनी एकदा विचारून पाहिलं, मॅडम त्यांच्या ऑफिसात जाऊन आल्या. नाही म्हणजे नाही. दुसऱ्या दिवशी खोलीत लाद्या रचल्या गेल्या. निवडीला अठरा दिवस राहिले होते. मी मैदानावर परत गेले, सकाळी चाकांवर, दुपारी घराच्या गच्चीवर बूट न घालता नुसत्या उड्या. गच्ची इतकी तापायची की पाय फार वेळ खाली टेकवत नव्हता. मॅडम म्हणाल्या, "बरंय, उडी आपोआप उंच जाईल." मी इतकी चिडले होते की हसले.

त्याच आठवड्यात नाना आले. त्यांनी माझ्यासाठी स्थळ आणलं होतं. मुलगा पोलीस भरतीची तयारी करणारा, दोघं भाऊ, जमीन पाण्याची. नाना वाईट माणूस नव्हेत. उन्हातान्हात मेंढरांमागं फिरून त्यांनी दादांना शिकवलं होतं. त्यांना एवढंच वाटत होतं की पोरगी बारावी झाली, आता हातची सुटू नये.

"पायात सुऱ्या बांधून पोरगी कुठवर जाईल?" ते दादांना म्हणाले. "अन ते कपडे? मी मोबाईलमदी बघितलं. मांड्या उघड्या. भावकीत तोंड कुठं दाखवावं?"

मी आतून बाहेर येणार तोवर माय उठली. तिचं शिलाई मशीन आतल्या खोलीत असायचं. तिनं ते ओढत ओढत बाहेर आणलं, थेट दारात, जिथून अख्खी गल्ली दिसते आणि गल्लीला आपण दिसतो. मग कपाटातून निळं कापड काढलं. मॅडमनी दिलेलं, स्पर्धेच्या पोशाखाचं. ते महिनाभर तसंच पडून होतं, कारण मायनं त्याला हात लावायला नकार दिला होता. ती दारात बसली आणि नानांच्या देखत, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, तो आखूड घेराचा झगा शिवायला लागली. पायडलची खडखड सुरू झाली. शेजारच्या काकू थांबल्या. "काय गं, काय शिवायलीस?"

"पोरीचा ड्रेस. बर्फावर नाचायची हाय तिला, दिल्लीच्या पलीकडं," माय मान वर न करता म्हणाली. "कुणाला बघायचा आसंल तर बसा. टिकल्या लावायच्या राहिल्यात अजून."

नाना चहा न घेता गेले. त्या दिवशीइतकी माझी माय मला पुन्हा कधी सुंदर दिसली नाही.

डोंगरातल्या त्या शहरात मी, मॅडम आणि दादा दोन दिवस रेल्वेनं गेलो. स्पर्धेची जागा पाहिली आणि मी दारातच थांबले. आमच्या गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता बर्फ. वर छप्पर, भोवती कठडा; ह्यालाच रिंक म्हणतात. इतर मुलींचे आईबाप जाकिटांत कुडकुडत होते. दादा हाफ शर्टात कठड्याला टेकून उभे होते. त्यांनी वाकून बर्फ नीट न्याहाळला.

"चांगला धरलाय," ते मॅडमना म्हणाले. "पण त्या कोपऱ्यात दूध आलंय. तिथं उडी घेऊ नको म्हणावं."

नावनोंदणीच्या टेबलावरच्या गृहस्थांनी माझा कागद वाचला. तेव्हा आमच्या शहराचं नाव औरंगाबाद होतं. "औरंगाबाद? उधर रिंक है क्या?"

"नहीं सर."

"तो प्रॅक्टिस कहाँ की?"

"बर्फ के कारखाने में."

टेबलाशी उभे असलेले सगळे हसले. एक मुलगी तेवढी हसली नाही. ती माझ्या बुटांकडं बघत होती. तिनं स्वतःच्या पिशवीतून धार पुसायचं फडकं काढून मला दिलं. तिचं नावही मी विचारलं नाही, इतकी मी घाबरलेली होते.

माझं संगीत सुरू झालं. आणि एक अशी गोष्ट घडली, जिचा आम्ही कुणीच विचार केला नव्हता. मी त्या विशाल मैदानाच्या मधोमध दहा बाय बाराच्या खोलीत स्केटिंग करायला लागले. चार पावलं गेले की अंग आपोआप वळायचं. भिंती नव्हत्या, तरी मी भिंतींना चुकवत होते. माझा वेग वाढतच नव्हता. कठड्याकडून मॅडमचा आवाज आला, "पुढे! पुढे जा!" पण शरीर शिकलेलं असतं तेवढंच करतं. मग ॲक्सलची वेळ आली. समोर तोंड करून उडायचं, दीड फेरी हवेत, आणि पाठीकडं सरकत उतरायचं. मी उडाले, फेरी पुरी झाली नाही आणि कुशीवर आपटले.

पडले ती घसरत गेले. खूप लांब. थांबायलाच तयार नव्हते. त्या खोलीची भिंत जिथं असायला हवी होती ती ओलांडून पार पलीकडं, कठड्याजवळ जाऊन थांबले. तिथून मागं वळून पाहिलं. सगळा बर्फ माझ्यासमोर मोकळा पडला होता. त्यावर माझ्या पडण्याची एक लांब पांढरी रेघ होती.

संगीत चालूच होतं. मी उठले आणि जी सुटले ती ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत. इतक्या वेगात मी आयुष्यात कधी गेले नव्हते. डोळ्यांतून पाणी मागं कानांकडं पळत होतं. ठरवलेल्या दोन गोष्टी राहून गेल्या, शेवटची गिरकी संगीत थांबल्यावर संपली. मला काही फरक पडत नव्हता.

शेवटून दुसरी आले.

निकाल लागल्यावर ते टेबलावरचे गृहस्थ जवळ आले. त्यांचा आवाज मायेचा होता, आणि तेच जास्त लागलं. "बेटा, हिम्मत अच्छी है. लेकिन तुम चक्कों पर ही रहो. ये तुम लोगों का खेल नहीं है."

"किनका है?" मी विचारलं.

त्यांना हा प्रश्न अपेक्षित नव्हता. "मतलब... जिनके पास बर्फ है."

मी दादांकडं बोट दाखवलं. "इनके पास रोज कई टन बर्फ होता है, सर. मैं अगले साल आऊँगी."

मॅडमनी माझा दंड धरून मला बाजूला नेलं. वाटलं, आता ओरडतील. त्या हसत होत्या, तोंडावर वही धरून.

घरी आले तेव्हा नाना ओसरीवर बसलेले. मुलाकडचे तयार होते, एकच अट होती, हे खेळणं बंद. "मिटली का हौस?" त्यांनी विचारलं.

"नाय मिटली," मी म्हणाले. "अन त्या मुलाला सांगा, भरतीत पळताना पडला तर परत उठ म्हणावं. मी बी उठणार हाय."

दादा पहिल्यांदाच आपल्या थोरल्या भावासमोर मोठ्यानं हसले. नानांना राग आला. वर्षभर ते आमच्याकडं फिरकले नाहीत. त्याचं मला वाईट वाटलं, आजही वाटतं. पण ज्या शब्दांनी त्यांना राग आला ते परत घ्यावेत असं कधी वाटलं नाही.

पुढची सात वर्षं मी गेले. उन्हाळ्याच्या सुटीत त्या डोंगरातल्या शहरात राहायचे, सकाळी लहान मुलांना कठडा धरून चालायला शिकवायचे आणि त्या बदल्यात दुपारी मला बर्फ मिळायचा. बाकी वर्षभर सिमेंट. बाहेरून पदवी केली. तिसऱ्या वर्षी पाचवी आले. पाचव्या वर्षी दुसरी. रुपेरी पदक गळ्यात पडलं तेव्हा तेच गृहस्थ हात पुढं करून आले. "देखा? मैंने कहा था ना, मेहनत करो!" मी त्यांचा हात हातात घेतला आणि हसून म्हणाले, "नहीं सर. आपने कहा था, मत आओ." ते ओशाळून हसले. चांगले आहेत ते. नंतर एकदा मी शिकवते त्या मुलींसाठी त्यांनीच बूट पाठवले.

पदक पाहून अन्वरचाचा म्हणाले, "चाँदी? अच्छा है. बरफ का रंग है." ते आता नाहीत. ते मशीन बंद पडलं, कारखाना दुसऱ्या जागी गेला. दादा घरी असतात. हातांचा गारवा गेला नाही.

देशाबाहेर मी कधी खेळले नाही. दोनदा अगदी उंबऱ्यापर्यंत जाऊन राहिले. सातव्या वर्षी डाव्या गुडघ्यातला स्नायुबंध फाटला. आठव्या वर्षी गुडघ्याला पट्ट्या गुंडाळून शेवटची स्पर्धा खेळले. डॉक्टरांनी ॲक्सल गाळायला सांगितलं होतं. मॅडमनीही सांगितलं. मी गाळली नाही. उडाले, दीड फेरी फिरले आणि दुखऱ्या पायावर उतरले, पाठीकडं सरकत, मुलायम, जशी ती मी गच्चीवर तापल्या पायांनी हजारदा मनात उतरवली होती. चौथी आले. बूट सोडताना रडू येईल असं वाटलं होतं. नाही आलं. भूक लागली होती.

म्हणून मला कुणी 'सोय असती तर' असं म्हटलं की मी त्यांना थांबवते. सोय असती तर मी वेगळी कुणी असते. तिला माझा नमस्कार. पण ती मी नाही. माझं जे झालं ते अर्धवट राहिलेलं नाही, ते एवढंच होतं आणि ते पुरं झालं. डोंगराएवढं नसेल, पण त्यातला एक इंचही मला कुणी आयता दिला नाही आणि एक इंचही मी कुणाला परत देणार नाही.

आता मी शाळेमागच्या त्याच मैदानावर शिकवते. मॅडम निवृत्त झाल्या, कधीमधी येऊन खुर्चीत बसतात. मुलींचे पालक आले की एक प्रश्न हमखास विचारतात, "ह्यात पुढं स्कोप काय?" आजवर मी त्यांना गोड उत्तरं द्यायचे. प्रमाणपत्र मिळतं, वाढीव गुण मिळतात, नोकरीत खेळाडूंना जागा असतात, तब्येत सुधारते.

परवा एक बाई आल्या. वैजापूरच्या, नवऱ्याबरोबर आता इथं राहायला आलेल्या, बाजार समितीत कांदे निवडायचं काम केलेले राठ हात. बरोबर आठ वर्षांची मुलगी. मुलगी मैदानावर फिरणाऱ्या पोरींकडं अशी बघत होती, की तिला आमचं बोलणं ऐकूच येत नव्हतं. बाईंनी तोच प्रश्न विचारला. ऊन कडक होतं, माझा गुडघा ठणकत होता, आणि मला गोड बोलायचा कंटाळा आला.

"खरं सांगू?" मी म्हणाले. "पडेल. लई पडेल. हाड मोडू शकतं. लोक कपड्यांवरून बोलतील, तुमच्या घरचेच बोलतील. इथं बर्फ नाही, पुढं जायचं तर दोन दिवस रेल्वेनं जावं लागेल. तिथं लोक हसतील. आणि एवढं सगळं करून बहुतेक काहीच हाती लागणार नाही. मला एक पदक मिळालं, आठ वर्षांत. बघा, विचार करा. घरी जाऊन ठरवा."

बाई ऐकत होत्या. मध्ये एकदाही त्यांनी मान हलवली नाही. मी बोलायची थांबले तेव्हा त्यांनी मुलीकडं पाहिलं. मग पदरानं तोंडावरचा घाम पुसला, खाली बसल्या, मुलीच्या पायातली चप्पल काढली आणि तिचं धुळीनं माखलेलं पाऊल स्वतःच्या मांडीवर घेतलं.

"नंबर बघा हिच्या पायाचा," त्या म्हणाल्या.